आधी टिपा, मग वाचा

मार्च २०१२ मध्ये जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांनी न्यूयॉर्कच्या घरात आवराआवर करताना कपाटाच्या तळाशी सापडलेला एक खोका मुलाकडे पाठवून दिला. त्यात साडेतीन इंची फ्लॉप्यांचे गठ्ठे होते. मेकनर जो हरवलाच असं धरून चालले होते, तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचा सोर्स कोड त्यांवर होता. ॲपल टू या संगणकासाठी, ६५०२ या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत त्यांनी तो एकट्याने लिहिला होता. धावणारा, उडी मारणारा, कठड्याला लोंबकळणारा तो राजपुत्र इतका जिवंत वाटे, कारण धाकट्या भावाच्या हालचालींचं व्हिडिओ चित्रण करून मेकनर यांनी त्या एकेक चौकट पाहत रेखाटल्या होत्या. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. खेळ १९८९ मध्ये ॲपल टूवर आला, पुढच्या वर्षी डॉसवर. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये मास्तरांची नजर चुकवून तो खेळला, त्यांनी ही डॉसची आवृत्ती पाहिलेली असते.

खोका मिळाला, पण कोड मिळाला असं अजून म्हणता येत नव्हतं. फ्लॉप्या वीस-बावीस वर्षांच्या होत्या, आणि साध्या पीसीच्या ड्राइव्हला त्या वाचताच आल्या नसत्या. मेकनर यांनी घाई केली नाही. इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि ॲपल टूचे जाणकार टोनी डियाझ जुनी यंत्रं घेऊन त्यांच्या घरी आले आणि एप्रिलमध्ये एकेक डिस्क वाचून काढली गेली. कोड सुखरूप निघाला. मेकनर यांनी तो लगेच गिटहबवर सर्वांसाठी खुला केला.

या गोष्टीचा शेवट गोड झाला, कारण डिस्कला हात लावण्याआधी योग्य माणसं बोलावली गेली. एरवी अशा वेळी पहिला मोह होतो तो फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवून ‘कॉपी’ करण्याचा. त्या मोहात काय काय हातचं जातं हे समजायचं, तर फ्लॉपीवर मुळात काय असतं ते पाहावं लागेल.

थराखाली थर

फ्लॉपी आयबीएमची. १९७१ मध्ये आलेली पहिली डिस्क आठ इंची होती आणि तिच्यावर सुमारे ८० किलोबाइट माहिती मावे. मोठ्या संगणकांना सुरू होताना लागणारा मायक्रोकोड भरण्यासाठी ती बनवली होती. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सची सव्वापाच इंची डिस्क आली, १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची. आकार बदलले, आतला मामला तोच राहिला. पॉलिएस्टरची पातळ चकती, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि ते कण चकतीला धरून ठेवणारं बंधक. चकती फिरते, वर वाचणारं-लिहिणारं हेड टेकतं आणि वर्तुळाकार ट्रॅकवर कणांचं चुंबकत्व एका किंवा उलट दिशेला वळवतं.

या ट्रॅकवर शून्य आणि एक सरळ लिहिलेले नसतात. चुंबकत्वाची दिशा कुठे पलटली आणि दोन पलट्यांमध्ये किती वेळ गेला, यात सगळी माहिती असते. पीसीच्या साध्या ७२० किलोबाइटच्या डिस्कवर हे अंतर ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंदांचं असतं. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला एक पंचमांश सेकंद. हेडकडून येणाऱ्या स्पंदांमधली ही अंतरं मोजून ड्राइव्ह हाताळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, बिट ठरवतो. बिटांचे सेक्टर होतात, सेक्टरांच्या फाइली होतात, आणि आपल्याला पडद्यावर दिसतं ते फक्त फाइलचं नाव.

थोडक्यात, फ्लॉपीवर चार थर असतात : चुंबकीय पलट्या, बिट, सेक्टर आणि फाइल. एका थरातून वरच्या थरात जाताना कुणीतरी अर्थ लावतं, आणि अर्थ लावणारा आपल्या नियमांत न बसणारं टाकून देतो. संगणक सुरळीत चालण्यासाठी हे योग्यच आहे. जतन करणाऱ्याला मात्र ते परवडत नाही.

सगळ्यात वरचा थर घेऊ. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे बूट सेक्टर, मागेच राहतो. पुसलेल्या फाइलीही राहतात. डॉस फाइल पुसतं तेव्हा यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतं; मजकूर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. कार्यक्रमाचे आधीचे खर्डे सापडतात ते बहुधा याच जागेत. १९८६ मध्ये लाहोरमधून पसरलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा सुरुवातीचा व्हायरस स्वतःला बूट सेक्टरमध्ये बसवत असे आणि उरलेला भाग जिथे ठेवी ते सेक्टर ‘खराब’ म्हणून नोंदवत असे. फाइली कॉपी करणाऱ्याच्या हाती त्याचा मागमूसही लागत नाही. व्हायरस कशाला जपायचा, असं वाटेल. पण लागण झालेली डिस्क १९८६ नंतर कोणाकोणाच्या संगणकातून फिरली, याचा तोही पुरावा आहे.

मुद्दाम बिघडवलेल्या डिस्का

मग पूर्ण सेक्टर उतरवून घेतले तर? डिस्कची अशी ‘इमेज’ फाइलींपेक्षा पुष्कळ बरी. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. कार्यालयीन कागदपत्रांच्या फ्लॉपीला एवढं बहुतेक वेळा पुरतं. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिस्कला मात्र पुरत नाही, कारण ती नियमाबाहेरच बनवलेली असायची.

कॉपी होऊ नये म्हणून कंपन्यांनी काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. व्हॉल्ट कॉर्पोरेशनच्या ‘प्रोलॉक’ पद्धतीत डिस्कच्या पृष्ठभागावर लेझरने एक बारीक जखम केलेली असे. कार्यक्रम सुरू होताना त्या जागी लिहून पाहायचा. लिहिणं जमलं की डिस्क नकली. डीबेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मालिकेतल्या डीबेस थ्रीला हीच पद्धत वापरली होती. ‘डन्जन मास्टर’ या १९८७ च्या खेळात काही बिट मुद्दाम अर्धवट लिहिलेले असत. दर वेळी वाचताना त्यांचं उत्तर वेगळं यायचं आणि कार्यक्रम तेच तपासायचा. साध्या कॉपीत उत्तर दर वेळी सारखं येतं, म्हणून ती पकडली जाई. इथे ‘नीट वाचता न येणं’ हाच डिस्कवरचा मजकूर आहे. सेक्टर उतरवणारा त्यावर त्रुटी म्हणून काट मारतो.

ॲपल टूवर तर या खेळाला सीमाच नव्हती. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७८ च्या डिस्क टू ड्राइव्हमध्ये मोजक्याच चिप वापरल्या आणि बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. ड्राइव्ह स्वस्त झाला, आणि हेड कुठे न्यायचं, काय लिहायचं हे प्रोग्रॅमरच्या हाती आलं. कोणी अर्ध्या ट्रॅकवर लिहिलं, कोणी सर्पिल वाटेने. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या विक्रीच्या डिस्कसाठी रोलंड गुस्टाफसन यांची पद्धत वापरली होती. नेहमीच्या १६ सेक्टरांच्या जागी तिच्यात ट्रॅकवर १८ सेक्टरांइतका मजकूर बसे. कॉपीला अडथळा झाला तो झालाच, शिवाय खेळाला जास्त जागा मिळाली.

मेकनर यांच्या कपाटातल्या डिस्का त्यांच्या स्वतःच्या कामाच्या होत्या, पण त्याही ॲपलच्या ८०० किलोबाइट पद्धतीच्या. या ड्राइव्हमध्ये हेड बाहेरच्या कडेपासून आत सरकत जातं तसा चकतीचा वेग वाढत जातो, आणि बाहेरच्या ट्रॅकवर १२ तर आतल्या ट्रॅकवर ८ सेक्टर असतात. पीसीचा ड्राइव्ह एकाच गतीने फिरतो. डियाझ यांना यंत्रं सोबत न्यावी लागली ती याचसाठी.

अर्थ न लावणारी नोंद

गेल्या काही वर्षांत जतनाची रीत बदलली ती या अडचणीतून. सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन सोसायटीचं ‘क्रायोफ्लक्स’, ॲपलच्या डिस्कांसाठीचं ‘ॲपलसॉस’ आणि खुल्या आराखड्याचं, स्वस्तातलं ‘ग्रीसवीझल’ ही उपकरणं जुन्या ड्राइव्हला जोडतात आणि कंट्रोलरला बाजूला सारतात. त्यांचं काम एकच. प्रत्येक चुंबकीय पलटी कधी आली, त्या क्षणांची यादी करायची. बिट कोणते, सेक्टर कुठे, फाइल कोणती, याची चौकशीच नाही. एकेका ट्रॅकचे अनेक फेरे टिपले जातात, त्यामुळे दर वेळी बदलणारे अर्धवट बिटही ‘बदलणारे’ म्हणूनच नोंदले जातात. अर्थ लावण्याचं काम मागाहून, सावकाश, डिस्कला पुन्हा हात न लावता होतं. आज जो सेक्टर लागत नाही तो पाच वर्षांनी कोणी चांगला प्रोग्रॅम लिहिला की त्याच नोंदीतून लागू शकतो.

असं एकदाच आणि पूर्ण टिपण्याला कारण डिस्कच्या प्रकृतीतही आहे. बंधक दमट हवेत कुजतं. बुरशी चढते. सुटलेला ऑक्साइड हेडला चिकटतो आणि पुढच्या फेरीत तेच हेड चकतीवर ओरखडा काढत जातं. अशा डिस्कचं पहिलं वाचन हेच शेवटचं ठरू शकतं. म्हणून जाणकार आधी चकती उजेडात धरून, हाताने फिरवून पाहतात. पांढुरके डाग दिसले तर सव्वापाच इंची डिस्कचं कव्हर कडेने कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, कोरडी झाल्यावर दुसऱ्या रिकाम्या कव्हरमध्ये घालतात आणि मगच ड्राइव्हमध्ये सरकवतात. त्यानंतर हेड साफ केल्याशिवाय पुढची डिस्क नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट : डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही याची तजवीज. सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली की लिहिणं थांबतं. साडेतीन इंचीचं उलट असतं, तिथे कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवावी लागते. ही सावधगिरी नुसत्या हाताच्या चुकीसाठी नाही. विंडोज ९५ फ्लॉपी ओळखता यावी म्हणून तिच्या बूट सेक्टरमध्ये आपली खूण परस्पर लिहून ठेवत असे. १९८५ ची डिस्क नुसती ‘पाहिली’ तरी ती १९८५ ची उरत नसे.

एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती हाती आल्या तर मूळ कोणती, हा प्रश्न येतो. एका प्रतीत वापरणाऱ्याने गुण साठवलेले, दुसरीत व्हायरस, तिसरीत एक सेक्टर मेलेला. सगळ्या उतरवून बिटाला बिट लावून पाहिलं की कारखान्यातून काय निघालं होतं आणि वापरात काय चढलं, हे वेगळं करता येतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती हीच शिस्त पाळून. बाराशेहून अधिक हस्तलिखितं जमवली, पाठ ताडून पाहिले, आणि गाळलेला पाठ फेकून न देता तळटीपेत ठेवला. डिस्कच्या कामातही फरक असलेली प्रत टाकायची नसते. फरक हाच तिच्या प्रवासाचा दाखला असतो.

बिट मिळाले, पुढे?

डिस्क शंभर टक्के वाचली तरी आतल्या वस्तूचा उलगडा होईलच असं नाही. जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोरच्या अमिगा संगणकाचं अनावरण झालं, तेव्हा अँडी वॉरहॉल यांनी मंचावर गायिका डेबी हॅरीचं चित्र संगणकावर काढलं होतं. त्या प्रसंगाची चित्रफीत पाहून कलावंत कोरी आर्केंजल यांच्या मनात आलं, की वॉरहॉल यांची बाकीची अमिगा-चित्रं कुठे असतील? ती पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात फ्लॉप्यांवरच होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने क्रायोफ्लक्स वापरून त्या उतरवल्या. फाइली मिळाल्या, पण उघडेनात. वॉरहॉल यांच्याकडे आलेला संगणक आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बाजारात येण्याआधीचं होतं, त्यामुळे फाइलींची रचना कुठल्याच माहीत साच्यात बसत नव्हती. विद्यार्थ्यांनी ती उलगडली. एप्रिल २०१४ मध्ये जगाला ती चित्रं दिसली. सूपचा डबा होता, तीन डोळ्यांची व्हीनसही होती.

सॉफ्टवेअरला चालायला यंत्र लागतं, आणि यंत्र नसेल तर त्याची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर. इंटरनेट अर्काइव्हने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २,४०० डॉस खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. पण एम्युलेटरही सगळं पुरवत नाही. डॉसवरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिली पातळी ओलांडली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली येते. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची, चुकीची चालत नाही. पुस्तिका हरवली तर डिस्क जिवंत असूनही खेळ तिथेच थांबतो. म्हणून खोका, पुस्तिका, डिस्कवरचं लेबल, सगळं सोबत जपावं लागतं.

मराठीच्या दाराशी हा प्रश्न आणखी कडक रूपात उभा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान हे एक कार्ड होतं. ते पीसीत बसवलं की डॉसच्या कार्यक्रमांत देवनागरी लिहिता येई. अक्षरांची साठवण ‘इस्की’ या संकेतात. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. सी-डॅकचा ‘एएलपी’ हा शब्दलेखनाचा कार्यक्रम या व्यवस्थेवर चाले. त्याची फ्लॉपी उत्तम वाचली तरी पडद्यावर अक्षर उमटवण्याचं काम कार्डाचं होतं, आणि डॉसच्या सर्वसाधारण एम्युलेटरला ते कार्ड ठाऊक नसतं. नंतर विंडोजवर आलेल्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसेल तर पानं जुळवायच्या पेजमेकरमधला अख्खा ग्रंथ रोमन अक्षरांचा पालापाचोळा दिसतो. काही पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टला डाँगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, लावल्याशिवाय चालतही नसत. छापखान्यांत आणि प्रकाशकांच्या कपाटांत असलेल्या त्या काळच्या फ्लॉप्यांवरचा मजकूर जपायचा, तर फाँट, पॅकेज, कार्ड आणि डाँगल याही जपण्याच्या वस्तू ठरतात. इथे सॉफ्टवेअर वाचवणं आणि साहित्य वाचवणं वेगळं करता येत नाही.

चोरांचं ऋण

कॉपी होऊ नये म्हणून डिस्कांना अशी कुलपं लावणाऱ्या बहुतेक कंपन्या आज नाहीत. त्यांचे कितीतरी कार्यक्रम शिल्लक राहिले ते कुलपं फोडणाऱ्यांमुळे. मात्र या क्रॅक केलेल्या प्रती पुष्कळदा लंगड्या असतात. जागा वाचवण्यासाठी सुरुवातीची चित्रं कापलेली, निर्मात्याचं नाव खोडून स्वतःचं टोपणनाव लावलेलं. ‘फोर ए. एम.’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका व्यक्तीने याला उत्तर म्हणून ॲपल टूची शेकडो सॉफ्टवेअर मूळ डिस्कांवरून घेतली. कुलूप तेवढं काढलं, बाकी काही हलवलं नाही, आणि प्रत्येक कुलपाची रचना लिहून ठेवली. २०१८ पासून ॲपलसॉसच्या ‘वॉझ’ या साच्यात कुलपासकट डिस्क जशीच्या तशी उतरवून एम्युलेटरमध्ये चालवताही येते. आता कुलूप फोडायचीही गरज उरली नाही; तेही त्या काळच्या कारागिरीचा नमुना म्हणून जपलं जातं.

कायदा मात्र मागे आहे. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्हच्या मागणीवरून २००३ मध्ये कालबाह्य माध्यमांतल्या सॉफ्टवेअरची कुलपं जतनासाठी उघडायला सूट मिळाली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत असेल तर. कागदासाठी हे ठीक. फ्लॉपी जन्मतःच डिजिटल, म्हणजे सगळ्यात लवकर नष्ट होणारी वस्तू या मुभेच्या शब्दांत बसत नाही. सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला तिची राखीव प्रत करण्याची सोय कायद्यात आहे, पण सार्वजनिक संग्रहाचं काम तेवढ्याने भागत नाही.

साठवणीचा खर्च हे आता कारण राहिलेलं नाही. १.४४ मेगाबाइटच्या हजार फ्लॉप्यांचे सेक्टर दीड गिगाबाइटमध्ये बसतात. चुंबकीय नोंदी धरल्या तरी सगळं एका पेन ड्राइव्हवर मावेल. टंचाई आहे ती चालू ड्राइव्हची आणि ते दुरुस्त करू शकणाऱ्या हातांची. यूएसबीला लावायचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात, पण ते ठरावीक साच्यांचे सेक्टर तेवढे देतात, खालचा थर दाखवत नाहीत. खरं काम करणारे जुने ड्राइव्ह भंगारातून निवडून काढावे लागतात. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. त्या शेवटच्या फ्लॉप्याही आता म्हाताऱ्या व्हायला लागल्या आहेत.

तेव्हा ज्यांच्याकडे अशा डिस्का आहेत त्यांनी काय करावं, याचं उत्तर कामाच्या क्रमात आहे. लेबलांचे फोटो काढावेत. लिहिणं बंद करावं. डिस्क आणि तिच्यासोबतची पुस्तिका, डाँगल, कार्ड एकत्र ठेवावं. दुसऱ्याचं पगारपत्रक किंवा पत्रव्यवहार त्यात असू शकतो, म्हणून नोंद झाली की लगेच सगळं उघड करू नये. आणि वाचून पाहण्याची उत्सुकता चुंबकीय नोंद हातात येईपर्यंत आवरावी. फाइल उघडली नाही, साचा ओळखता आला नाही, कायदा अजून मोकळा झाला नाही, तरी त्या नोंदीचं काही बिघडत नाही. अर्थ लावायला उशीर झाला तर चालतो. नोंदीला झालेला उशीर मात्र कोणालाही भरून काढता येत नाही.